बाळसे आणि काळजी

मराठीत 'काळजी' या शब्दापुढे दोन क्रियापदे येतात. एक काळजी करणे आणि दुसरे काळजी घेणे. व्याकरणकाराच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक असेल. परंतु नीतिविचाराच्या दृष्टीने त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. काळजी करणाराचे लक्ष बहुधा स्वतःच्या मनाकडे असते. काळजी घेणाराचे लक्ष ज्याची काळजी घ्यावयाची त्याच्याकडे असते. पहिलीने रात्रीची झोप जाते, दुसरीने दिवसाचे काम वाढते. या दोहोंचा उगम एकाच मायेत असतो, म्हणून आपण त्यांना एकच समजतो, आणि माया निर्दोष असल्यामुळे तिच्यापासून निघालेली प्रत्येक काळजीही निर्दोषच असली पाहिजे असे गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते, याची कसोटी आम्ही एका अगदी घरगुती विषयावर लावून पाहणार आहो. तो विषय म्हणजे तान्ह्या मुलाचे वजन. मासिकाच्या पानांवर एरवी त्यास जागा मिळत नाही. बायकांच्या बोलण्याचा विषय म्हणून विद्वान त्याकडे दुर्लक्ष करितात. परंतु ज्या प्रश्नाने घरोघरच्या आया रडतात तो तत्त्वविचाराच्या बाहेरचा मानणे हे तत्त्वविचाराचेच दारिद्र्य होय.

उदाहरणासाठी आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील पुसद हे गाव घेतो. पूस नदीच्या काठचे, टेकड्यांनी वेढलेले हे तालुक्याचे गाव. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच तालुक्यातील गहुलीचे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. भोवतालचा मुलूख कापसाचा आणि ज्वारी-तुरीचा. गावाबाहेर पडले की वाटेवर बंजारा समाजाचे तांडे लागतात. अशा मुलखात वजनकाट्याचे महत्त्व कोणास समजावून द्यावे लागत नाही. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत, मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, सारे काही एका दिवशी काट्यावर चढते. तथापि कापूस विकणारा आणि घेणारा या दोघांसही एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नुसते वजन म्हणजे माल नव्हे. ओला कापूस काट्यावर जड भरतो. म्हणून घेणारा आधी मुठीत धरून ओलावा पाहतो, धागा ओढून त्याची लांबी पाहतो, कचरा किती आहे ते पाहतो, आणि मग काट्याकडे वळतो. बाजारात एवढे शहाणपण दाखविणारा समाज पाळण्यापाशी आला म्हणजे मात्र ते विसरतो आणि काट्यावरील आकड्यास अखेरचा निवाडा मानतो, ही नवलाची गोष्ट आहे.

मूल जन्मले की पूर्वी 'मुलगा की मुलगी' एवढाच प्रश्न विचारीत. आता त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'वजन किती भरले?' अडीच किलोहून कमी भरले तर सांगणाराचा आवाज खाली जातो, साडेतीन भरले तर चढतो. जणू बाळंतिणीने काही परीक्षाच दिली होती. पुढे बारशाला, उष्टावणाला, वाढदिवसाला याच प्रश्नाची उजळणी होते. 'बाळसे धरले नाही', 'अंगी लागत नाही', 'दृष्ट लागली असेल', 'आमची पोरे या वयात उचलवत नसत' ही वाक्ये ज्या घरात ऐकू आली नाहीत असे घर विरळा. या वाक्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ती कोणाच्या तोंडची आहेत हे पाहिले पाहिजे. आज साठी-सत्तरीत असलेल्या आज्यांनी लहानपणी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे, वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ही त्यांच्या बाळपणाची आठवण आहे. ज्या पिढीने पोट न भरणे काय असते ते जाणले, तिला लेकराच्या गालावरील मांस हे घरात अन्न आहे याचे साक्षीपत्र वाटावे यात अस्वाभाविक काही नाही. तिच्या दृष्टीने बाळसे म्हणजे दुष्काळावर मिळविलेला विजय आहे.

परंतु एका काळची खरी भीती दुसऱ्या काळात जशीच्या तशी आणली तर काय घडते तेही पाहावे. पुसदमधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलगी झाली. जन्माच्या वेळी ती दोन किलो सहाशे ग्रॅम भरली. आई-बाप दोघेही बारीक चणीचे. मुलगी हसे, पालथी पडे, आवाजाकडे मान वळवी. सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचे वजन सहा किलो चारशे ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींचा मध्य सात किलो तीनशेच्या सुमारास आहे, आणि ज्या रेषेखाली मूल कमी वजनाचे मानतात ती पाच किलो सातशेवर आहे. म्हणजे मुलगी त्या रेषेच्या बरीच वर, आपल्या वाटेने नीट चालली होती. परंतु शेजारच्या घरी त्याच महिन्यात जन्मलेला मुलगा आठ किलोचा होता, आणि तोच या घरचा तक्ता झाला. आठवड्यातून दोनदा वजन होऊ लागले. दूध पातळ आहे, पुरत नाही, असा निष्कर्ष निघाला. वरचे दूध आणि बाटली आली. बाटलीबरोबर हगवण आली, आणि मुलीचे वजन जन्मात प्रथमच खरोखर उतरले. ज्याची भीती वाटत होती ते भीतीनेच घरात आणले. मुलगी पुढे बरी झाली. परंतु तिच्या आईने दीड महिना जे ऐकून घेतले ते कोणत्याही तक्त्यावर नोंदले गेले नाही.

येथे दोष काट्याचा आहे काय? काट्याचा इतिहास पाहिला तर तसे म्हणवत नाही. नवजात मुलांस पद्धतशीर तोलण्याचा उद्योग जर्मनीतील गॉटिंगेन येथे रोएडरर या वैद्याने केला आणि १७५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच्या ग्रंथांतून नवजात मुलांची वजने अवास्तव मोठी दिलेली आढळतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७५९ ते १७७७ या काळात, फ्रान्समधील मोंबेयार नावाच्या सरदाराने आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांच्या सुमारास जन्मापासून तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मोजली, आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती मोजमापे छापली. एका बापाने आपल्या मुलाकडे अठरा वर्षे न चुकता पाहिले, यापलीकडे त्या नोंदीत काही नाही. आणि आमच्या मते याहून अधिक काही असण्याची गरजही नाही. पुढे १८९२ मध्ये पॅरिस येथील शारिते रुग्णालयात पिएर ब्युदँ या वैद्याने बाळंत होऊन घरी गेलेल्या स्त्रियांस मुले घेऊन नेमाने परत बोलाविण्यास आरंभ केला. मूल तोलावयाचे, आईस अंगावर पाजण्याचे उत्तेजन द्यावयाचे, दूध खरोखरच अपुरे असेल तर निर्जंतुक केलेले दूध द्यावयाचे, असा त्याचा क्रम होता. त्या काळी पॅरिसमधील गरिबांची तान्ही मुले उन्हाळ्यात हगवणीने मरत. त्यांस वाचविण्यासाठी हा काटा टांगला गेला. काटा प्रथम कुतूहलातून आला आणि मग करुणेतून रुजला. त्यात चढाओढ नव्हती.

चढाओढ बाजारातून आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुक्या दुधाच्या डब्यांवर आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींत गुबगुबीत बालके झळकू लागली. ठिकठिकाणी सुदृढ बालकांची प्रदर्शने भरू लागली, आणि सर्वांत लठ्ठ मूल ते सर्वांत निरोगी ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत ठाण मांडून बसली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने असल्या जाहिरातींना आळा घालणारी संहिता मान्य केली, आणि भारतात १९९२ च्या कायद्याने तान्ह्या मुलांच्या पर्यायी दुधाची जाहिरात करण्यास व त्याच्या डब्यावर बालकाचे चित्र छापण्यास बंदी घातली. डब्यावरील चित्र गेले. परंतु डोक्यातील चित्र कायद्याने पुसता येत नाही.

विज्ञानानेही या बाबतीत अन्याय केला नाही असे नाही, आणि तो कसा झाला हे सुज्ञ वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. १९७७ मध्ये अमेरिकेत तयार झालेला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांसाठी स्वीकारलेला वाढीचा तक्ता, दोन वर्षांखालील मुलांपुरता, ओहायो प्रांतातील एका छोट्या गावच्या पाहणीवर आधारलेला होता. त्यातील बहुतेक मुले बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारे मूल पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढते आणि नंतर त्याची गती बाटलीच्या मुलापेक्षा मंद होते. हा निसर्गक्रम आहे. परंतु बाटलीच्या मुलांवरून आखलेल्या तक्त्यावर तेच निरोगी मूल चौथ्या महिन्यापासून मागे पडलेले दिसे. परिणामी, उत्तम चाललेल्या कित्येक आयांस 'तुमचे दूध पुरत नाही' असे सांगण्यात आले, आणि तेही शास्त्राच्या नावाने. ही चूक सुधारण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलांची पाहणी झाली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. माता मुलांना अंगावर पाजणाऱ्या आणि धूम्रपान न करणाऱ्या असाव्यात, घरची स्थिती बरी असावी, अशा अटी होत्या. त्यावरून २००६ मध्ये नवा तक्ता निघाला, आणि २००८ पासून आपल्या अंगणवाड्यांनीही तो स्वीकारला. पाहणीतून निघालेले एक तथ्य फार बोलके आहे. पोषण व आरोग्य यांची सोय सारखी असली तर या सहाही देशांतील लहान मुले उंचीने जवळजवळ सारखीच वाढतात. म्हणजे आमचे मूल खुजे राहते ते पुष्कळ अंशी आमच्या व्यवस्थेमुळे. केवळ रक्तामुळे नव्हे.

तक्ता सुधारला तरी तो वाचण्याची रीत सुधारली पाहिजे. मधल्या रेषेचा अर्थच असा की निम्मी निरोगी मुले तिच्या खाली असतात. सर्वच आई-बापांस आपले मूल त्या रेषेच्या वर हवे असेल तर ती इच्छा गणितालाच मान्य नाही. एखाद्या मुलाचे वजन खालच्या रेषेजवळ आहे म्हणजे ते आजारी आहे असेही नाही. शंभर निरोगी मुलांत तीन मुले तिसऱ्या रेषेखाली असणारच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत भरून येते. पहिल्या तीन महिन्यांत मूल दिवसाला सरासरी पंचवीस-तीस ग्रॅम वाढते, पुढे ही गती उतरत जाते. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट असे साधारण प्रमाण आहे. परंतु या साऱ्या सरासऱ्या आहेत. महत्त्व आहे ते मुलाच्या स्वतःच्या रेषेच्या दिशेला. एका बिंदूवरून दिशा कळत नाही. आणि दर तिसऱ्या दिवशी तोलले तर दुधाचे एक पोट किंवा एक लंगोट एवढ्यानेच आकडा डोलतो, त्यात अर्थ काही नसतो.

यावर कोणी म्हणेल, 'मग आई-बापांनी निश्चिंत राहावे, असेच ना तुमचे म्हणणे?' मुळीच नाही. ज्या राज्यात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील शेकडा ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आणि शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तेथे निश्चिंत राहण्याचा उपदेश करणे हे पाप होईल. दोन आठवडे उलटूनही मूल जन्माच्या वजनावर आले नाही, दिवसाकाठी सहा वेळाही लघवी करीत नाही, पाजताना सुस्त पडून राहते, दोन महिन्यांच्या मापांत रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, तर दृष्ट काढीत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वजन न वाढणे हे कित्येक आजारांचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव चिन्ह असते. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे गावातल्याच शिकविलेल्या स्त्रिया घरोघर जाऊन नवजात मुलास तोलीत, ऊब देत, आईस पाजण्यास मदत करीत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मुलांचे मृत्यू शेकडा ६२ ने कमी झाल्याचे दिसून आले. त्या स्त्रियांच्या झोळीतही काटाच होता. परंतु त्या काट्याच्या मागे हात होते, वेळ होता, आणि वजन कमी भरले तर पुढे काय करावयाचे याचे ज्ञान होते. काळजी घेणे म्हणतात ते हे. नुसत्या तोलण्याने आजवर कोणाचे वजन वाढलेले नाही.

आता आम्ही प्रश्नाच्या मर्माकडे वळतो. काळजी करण्यात नैतिक दोष कोठे येतो? आमच्या मते तो तीन ठिकाणी येतो.

पहिले ठिकाण म्हणजे मूल स्वतः. आपल्याकडे नवस फेडताना मुलाची तुळा करण्याची चाल आहे. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गूळ किंवा साखर. आणि तो गूळ उपस्थितांत वाटून टाकावयाचा. त्या तोलण्यात कृतज्ञता होती. मूल जेवढे भरेल तेवढे कमीच, अशी भावना होती. आजच्या काट्याला दुसरे पारडे दिसत नाही, पण ते असते, आणि त्यात आपण नकळत शेजाऱ्याचे मूल बसवितो. मग आपले मूल हे आपल्या कर्तृत्वाचा पुरावा होऊन बसते. त्याचे शंभर ग्रॅम वाढले तर आपण जिंकलो, न वाढले तर हरलो. सहा महिन्यांचे मूल चमच्यापासून तोंड फिरविते, तो त्याच्या आयुष्यातील पहिला नकार असतो. पोट भरले हे त्याला कळते आणि ते तो सांगतो. काळजी करणारा त्या नकाराला जुमानीत नाही. नाक दाबून, गाणे लावून, पदराने भुलवून आणखी चार घास कोंबतो. त्या चार घासांनी वजन वाढेल की नाही सांगता येत नाही. परंतु आपल्या भुकेचे आपण मालक नाही, हा धडा मूल त्या दिवशी शिकते. तान्हे मूल ही देखील एक व्यक्ती आहे, आणि व्यक्तीला स्वतःचे माप असते, हे मान्य करणे प्रेमाला जड का जावे?

दुसरे ठिकाण म्हणजे आई. ज्या घरात नातवंडाचे वजन आठवड्याला मोजले जाते त्या घरात सुनेचे वजन कोणी मोजले आहे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची आणि त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. गरोदर होण्यापूर्वी या स्त्रियांचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो होते. त्यांची मुले जन्माच्या वेळी सरासरी २.७ किलो भरली, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची मुले साडेतीन. नवल हे की आपली मुले वजनाने आणि स्नायूंनी कमी असूनही त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे मूल आतून मेदाळ असू शकते, आणि पुढील आयुष्यातील मधुमेहाशी या ठेवणीचा संबंध असावा असे संशोधकांस वाटते. कापसाचा घेणारा जे जाणतो तेच विज्ञानाने पाळण्यात दाखविले: वजनाचा आकडा आतला माल सांगत नाही. याच पाहणीत असेही दिसले की, ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा आले त्यांची मुले जन्मतः मोठी होती. म्हणजे बाळाच्या वजनाची काळजी बाळ जन्मल्यावर करणे हे बरेच उशिराचे शहाणपण आहे. ती काळजी आईच्या ताटापाशी सुरू व्हावयास हवी होती. खरे म्हणजे, आई स्वतः मुलगी होती तेव्हा, भावाच्या वाटीतील दूध आणि तिच्या वाटीतील दूध यांच्या पातळीपाशीच.

आणि तरीही मूल बारीक राहिले की जाब विचारला जातो तो आईला. सर्वांच्या शेवटी जेवणारी, उरलेसुरले खाणारी, रात्रीतून चारदा उठणारी स्त्री या अपराधात आरोपी ठरते, आणि तिला ताटात वाढणारे न्यायाधीश होतात. 'दूध पुरत नाही' हे वाक्य तिच्यावर फेकणाऱ्यांस एक साधी गोष्ट ठाऊक नसते. मूल जितके ओढते तितके दूध उतरते; वरचे दूध दिले की मूल कमी ओढते, आणि दूध खरोखरच आटू लागते. येणेप्रमाणे आरोप स्वतःच आपला पुरावा निर्माण करतो. या वाक्याऐवजी 'तू आज काय जेवलीस?' एवढा एकच प्रश्न त्या घराने रोज विचारला तर आईचे आणि बाळाचे दोघांचेही अधिक हित होईल. पहिले वाक्य काळजी करणाऱ्याचे आहे, दुसरे काळजी घेणाऱ्याचे. ते विचारण्यास घरातील पुरुषांस कोणताही शास्त्राभ्यास लागत नाही.

तिसरे ठिकाण घराच्या उंबऱ्याबाहेर आहे. गावातील पक्क्या घरात सहा किलो चारशेच्या निरोगी मुलीसाठी चार माणसांची झोप उडालेली असते, तेव्हा काही कोसांवरच्या एखाद्या वस्तीत अंगणवाडी सेविकेच्या नोंदीत एका मुलाची रेषा दोन महिने सपाट पडलेली असते आणि तीन घरांत कोणाची झोप उडालेली नसते. त्या मुलाच्या आईला माया नाही असे म्हणणारा मनुष्य निर्बुद्ध तरी असला पाहिजे किंवा निष्ठुर तरी. ती पहाटे मजुरीला जाते. हंगामात कुटुंबच कामामागे परगावी जाते आणि अंगणवाडीच्या वहीतील त्या पानावर नोंद थांबते. काळजी करण्यासही फुरसत लागते, आणि ती फुरसत तिच्यापाशी नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अशा मुलांची काळजी समाजाने करावी हे तत्त्व आपण कागदावर मान्य केले आहे. त्या काळजीचा प्रत्यक्ष भार मात्र आपण तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या एका बाईच्या खांद्यावर टाकून मोकळे झालो आहो. समाजात काळजीचा तुटवडा नाही. तिची वाटणी विषम आहे. जेथे तिची गरज थोडी तेथे ती ओसंडते, आणि जेथे रेषा खाली वळली आहे तेथे ती पोहोचत नाही.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. आपल्या मुलाची काळजी दुसऱ्याच्या मुलापेक्षा अधिक वाटणे हा तर मनुष्यस्वभाव. त्यास दोष कसा द्यावा? आम्ही तो देत नाही. सर्व मुलांवर सारखेच प्रेम करणारा बाप बहुधा कोणाच्याच मुलास रात्री उचलून घेत नाही. प्रेमाला एक घर लागते, एक चेहरा लागतो. परंतु प्रेमाचा आरंभ घरात झाला म्हणून त्याचा शेवटही घरातच व्हावा असा नियम नाही. ज्या आई-बापांनी आपल्या लेकराच्या शंभर ग्रॅमसाठी रात्र जागून काढली, त्यांना शंभर ग्रॅमची किंमत कळली. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. आणि ज्ञान आले की त्याबरोबर दायित्व येते. ज्याला ती किंमत कळली नव्हती त्याने अंगणवाडीतील तांदूळ नासका आहे की चांगला याकडे पाहिले नाही तर त्यास अज्ञानाची तरी सबब आहे. ज्याला कळली त्यास ती उरत नाही. आपल्या गल्लीतील, आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या घरातील, आपल्या शेतावरील मजुराच्या झोपडीतील मूल कधी तोलले गेले, रेषा कोणीकडे वळली, त्याच्या आईला दुपारी घटकाभर पाजावयास सुटी मिळते की नाही, हे विचारणे त्याचे कर्तव्य ठरते. मोठ्या दानधर्माची ही गोष्ट नाही. कामावर येणाऱ्या लेकुरवाळीला दिवसातून तीनदा घरी जाऊ देणे, यास पैसा लागत नाही. थोडी गैरसोय सोसावी लागते इतकेच.

तेव्हा आई-बापांस आमचे सांगणे एवढेच आहे. मूल महिन्यातून एकदा तोलावे, नोंद करावी, रेषेची दिशा पाहावी, शंका आली तर जाणत्यास विचारावे, आणि मग काटा कपाटात ठेवून द्यावा. उरलेल्या एकोणतीस दिवसांत मुलाकडे पाहावे. ते हसते काय, हात पुढे करते काय, आवाजाला वळते काय, जागेपणी जगाविषयी त्याला उत्सुकता आहे काय, या गोष्टी कोणताही काटा दाखवीत नाही आणि कोणतीही आई त्या पाहू शकते. बाळसे येते आणि जाते. चालू लागलेल्या मुलाचे ते गळून पडते आणि कोणी त्याचा शोक करीत नाही. काळजी करण्याचे दिवसही तसेच गळून जातात. घेतलेली काळजी मात्र हाडामांसात मुरते. ती मुलाच्या मुरते, त्याच्या आईच्या मुरते, आणि आपण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याचे कष्ट घेतले तर आणखी एखाद्या घराच्याही.